बर्फ वितळावा म्हणून

चंद्रिकाच्या आयुष्यात आदिनाथ आला तो वाटेने नाही, वरून आला.

कामशेतच्या शाळेत भूगोल शिकवून ती त्या दिवशी लवकर, दुपारचीच, स्कूटीवरून तळेगावला घरी निघाली होती. रस्त्याकडेला एक बाई ओला हरभरा विकत बसली होती, म्हणून थांबली. जुडी हातात घेते न घेते तोच डोक्यावर काहीतरी फडफडलं आणि एक भलंमोठं निळं पॅराग्लायडर शेजारच्या कापलेल्या रानात उतरलं. खाली माणूस, आणि त्या माणसाच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधलेला, डोळे घट्ट मिटलेला मुंबईचा एक पाहुणा.

पाहुण्याला सोडवून त्याच्या मित्रांच्या हवाली केलं आणि तो माणूस तरातरा थेट चंद्रिकाकडे आला. उन्हाने रापलेला, हेल्मेटने केस चप्प बसलेले, आणि हसू असं की समोरच्याने हातातली जुडी विसरावी.

"म्याडम, तुमच्या फोनला रेंज हाय का?"

"आहे. का?"

"माझा फोन वरनं पडला. डोंगरात गेला कुटं तरी. जरा एवढं बघून देता का... जपानात बर्फ किती पडला?"

आता तुम्हीच सांगा, फेब्रुवारीतलं मावळचं ऊन, हातात हरभरा, आणि हा गडी विचारतोय जपानचा बर्फ. चंद्रिकाला वाटलं, वरचा वारा डोक्यात गेला असावा. पण तिने फोन काढला. त्याने सांगितलेलं नाव टाकलं, तर नागानोच्या डोंगरातल्या एका खेड्यातल्या लॉजचं पान उघडलं. लॉजच्या अंगणात कॅमेरा, कॅमेऱ्यासमोर बर्फात रोवलेली आकड्यांची काठी.

"काठी कमरेएवढी बुडलीय," ती म्हणाली.

"कुणाच्या कमरेएवढी? तुमच्या का माझ्या?"

"माझ्या."

"मग कमीच म्हणायचा," तो म्हणाला, आणि तिच्या जुडीतले चार घाटे सोलून तोंडात टाकून मोकळा झाला. विचारलंसुद्धा नाही.

तर हा आदिनाथ. इंदुरीचा, शेतकऱ्याघरचा. कामशेतच्या डोंगरावरून पाहुण्यांना उडवायचा आणि मार्चमध्ये जपानला जाणार होता. मागच्या हिवाळ्यात मिहो नावाची एक मुलगी उडायला शिकायला आली होती, आदिनाथच्याच घरी राहिली होती. ते लॉज तिच्या वडिलांचं. तिच्या डोक्यात होतं की हिवाळा सरता सरता पायाला स्की बांधलेल्या पाहुण्यांना आदिनाथने बर्फावरून उडवावं. आदिनाथलाही आपल्या डोंगरापलीकडचं आभाळ बघायचं होतं. अडचण एकच. यंदा तिकडे बर्फ मुळात कमी, आणि तो मार्चच्या मध्यापर्यंत टिकला नाही तर लॉज लवकर बंद. मग जाणंही बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात असताना, नव्या नंबरवरून चंद्रिकाला फोन आला.

"म्याडम, आज किती?"

"तुम्हाला माझा नंबर कुठून मिळाला?"

"हरभरेवालीनं शाळा सांगितली, शाळेत नंबर विचारला. आज किती?"

तिने सांगितलं. तिसऱ्या दिवशीही सांगितलं. आठवडाभराने तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"काय हो, तुमच्याकडे नवीन फोन आलाय ना? त्यात दिसत नाही का जपान?"

"दिसतंय की."

"मग?"

"तुमी सांगितला की... जरा जास्त पडल्यासारखा वाटतो."

चंद्रिका त्या दिवशी सातवीला समुद्रप्रवाह शिकवताना दोनदा अडखळली. पोरं हसली, तीही हसली.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आवडला होता तो तिला. त्या काठीपायी ती हवामानाचे नकाशे बघायला लागली. जपानवरून समदाब रेषा उभ्या आणि दाट झाल्या की समजायचं, वायव्येचा वारा समुद्रावरून ओलावा घेऊन डोंगरावर चढणार, बर्फ पडणार. रेषा विस्कटल्या, दक्षिणेचा वारा सुटला की पाऊस. आयुष्यभर फळ्यावर काढलेल्या रेषा पहिल्यांदाच तिच्या कामाच्या झाल्या. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती त्या रानाकडेला थांबायची, तो खाली उतरायचा, आणि पॅराग्लायडरची घडी घालता घालता दोघं जपानच्या वाऱ्यावर वाद घालायचे. घडीचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. घडी लहान होत जायची तसे दोघं जवळ यायचे, आणि शेवटच्या घडीला वाद कशावरून होता तेच दोघं विसरायचे...

सगळं छान चाललं होतं. आणि मग एका सकाळी कॅमेऱ्यात मिहो आली.

लाल टोपी, गोबरे गाल. काठीवरचा बर्फ हातमोज्याने पुसला, आकडा मोकळा केला, आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. जगाला नाही, कुणा एकालाच हलवावा तसा. चंद्रिकाचा चहा तिथेच गार झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि तिसऱ्या दिवशी तर हद्द झाली. बाईसाहेबांनी अंगावर घेतलं होतं काय? घोंगडं. काळंभोर, लाल काठाचं, अस्सल आपल्याकडचं घोंगडं.

चंद्रिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. घोंगडं कुणी असंच देतं का कुणाला? तिला आजवर काय मिळालं होतं? स्वतःच्याच जुडीतले उरलेले घाटे.

"आज किती?" फोन आला.

"तिलाच विचारा ना. रोज पुसतेय काठी, हात हलवतेय."

"मिहो व्हय? लय कामाची हाय ती. आई तर म्हणती, दोन दिवसांत भाकरी थापायला शिकली."

चंद्रिकाची भाकरी तव्यावर पडण्याआधी तुटायची, हे तळेगावात सगळ्या घराला ठाऊक होतं. तिने फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून ती काठीकडे बघायची ती वेगळ्या नजरेने. आकडा बोटभर खाली गेला की मन हलकं, वर चढला की तोंड कडू. वर्गात एका पोराने विचारलं, "बाई, बर्फ कशाने वितळतो?" तर बाईंनी इतक्या जिव्हाळ्याने सांगितलं की तास कमी पडला.

पण नुसतं बघून काय होतंय? शेवटी एका मंगळवारी ती इंदुरीच्या गढीत कडजाई देवीला गेली. खण-नारळ ठेवला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाली, आई, तिकडचा बर्फ वितळू दे. तुझी साडीचोळीने ओटी भरीन.

डोळे उघडले तर शेजारी एक बाई हात जोडून उभी. डोक्यावर पदर, हातात नारळ, आणि हसू ओळखीचं.

"तू भूगोलाची बाई न्हवं? आदिनाथच्या फोनात फोटू बघितला म्या तुजा. मी नंदाबाई, त्याची आई."

चंद्रिका वाकून पाया पडली.

"तू बी बर्फासाटीच आली व्हय?" नंदाबाई म्हणाल्या. "गुणाची पोर. म्या बी त्येच मागितलं. पोराला लहानपनापास्नं उडायचं याड, एकदा जाऊन यिऊ दे म्हनलं. बर्फ लय पडू दे म्हनलं."

एकच देवी, एकच बर्फ, आणि नवस दोन. देवीने तरी करायचं काय? चंद्रिकाने मान खाली घातली आणि "हो मावशी" म्हणाली. खोटं बोलायला गाभाराच सापडला, याची तिला मनापासून लाज वाटली. पण नवस काही तिने मागे घेतला नाही.

आणि फळला तो तिचाच.

मार्च उजाडला तसा दक्षिणेचा वारा सुटला. लॉजवर पाऊस पडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. काठी वर येत गेली, बुंध्याशी तपकिरी माती दिसायला लागली. मिहो आता हात हलवत नव्हती. सकाळचा फोन यायचा, पण आदिनाथ "आज किती" विचारायचा नाही, नुसतं "हं" म्हणायचा. मग एका शुक्रवारी मिहोचा निरोप आला. लॉज उघडं ठेवायचं की नाही ते ठरवायचंय, येणार की नाही ते आज रात्रीपर्यंत सांग.

त्या दुपारी मोकळ्या तासाला चंद्रिकाने नकाशा उघडला. सवयीनेच. जपानवरच्या रेषा उभ्या राहत होत्या. पश्चिमेला जास्त दाब, पूर्वेला कमी, मधे रेषांची दाटी. हवामानाच्या अ‍ॅपवर अजून पावसाच्या छत्रीचंच चित्र होतं, पण चंद्रिका महिनाभर हाच नकाशा वाचत आली होती. दोन दिवसांत वारा फिरणार होता. बर्फ येणार होता, चांगला पोटभर.

आदिनाथला माहीत नव्हतं. त्याने बघणंच सोडलं होतं. ती गप्प बसली असती तर रात्री त्याने नकार कळवला असता, आणि तो इथेच राहिला असता. कुणाला कळलंही नसतं.

शेवटचा तास तिने कसा घेतला ते तिलाच ठाऊक.

संध्याकाळी तो रानात एकटाच घडी घालत बसला होता. ती आली, तरी उठला नाही.

"न्हाई म्हणून टाकतो," तो म्हणाला. "छत्रीच दाखवतंय सगळीकडं."

"छत्री सोडा. नकाशा बघा." तिने फोन त्याच्यापुढे धरला. "परवा बर्फ पडणार आहे. भरपूर. तुम्ही हो म्हणा."

त्याने नकाशा बघितला, मग तिच्याकडे. "मग तुमी रडताय कशापायी?"

"कारण मला तो पडायला नकोय." एकदा सुटलं ते सुटलं. "मी नवस केला होता, वितळू दे म्हणून. तुमच्या आईशेजारी उभं राहून केला. मला तिची ती काठी पुसणं बघवत नाही, हात हलवणं बघवत नाही, आणि ते घोंगडं तर..."

"घोंगडं आईनं दिलं. थंडी वाजायची तिला."

"आणि तुम्ही काय दिलं?"

"काय न्हाई." तो पॅराग्लायडरच्या दोऱ्या उगाच बोटाला गुंडाळत राहिला. "खरं सांगू का? ती म्हणती, नुसता मार्च न्हाई, वर्षभर ऱ्हा. दोघं मिळून लॉज चालवू. महिना झाला विचारून."

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगायचं त्येच कळंना. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. मग आधी तुमाला फोन लावायचो... आणि ऱ्हाऊन जायचं."

चंद्रिकाने डोळे पुसले. "मला नाही तर तिला, पण एकीला तरी सांगा. दोघींना टांगून ठेवू नका."

ती स्कूटीवर बसली. जाता जाता तो मागून एवढंच म्हणाला, "रविवारी सकाळी हितं या. पडला का न्हाई, दोघं मिळून बघू."

जायचं नाही असं तिने शनिवारभर घोकलं. रविवारी सकाळी वेणी दोनदा घातली आणि गेली.

पडला होता. कॅमेऱ्यात नुसतं पांढरं दिसत होतं, काठी अर्धीअधिक गडप. आदिनाथ फोनकडे बघत उभा होता. चेहऱ्यावर असा आनंद, की तो बघून चंद्रिकाला रागही आला आणि बरंही वाटलं. त्याने होकार कळवला होताच. आता तिच्यासमोरच त्याने मिहोला व्हिडिओ लावला. चंद्रिका दोन पावलं मागे सरली. ऐकायचं नव्हतं, पण कान तिकडेच.

मिहो खिदळत होती, तिच्या टोपीवर भुरभुर बर्फ पडत होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आदिनाथ तिला सांगत होता. येतो. बर्फ असेपर्यंत राहतो. आणि मग तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

"वर्षभर नाही जमणार. उन्हाळ्यात माझं लग्न आहे."

चंद्रिकाला वाटलं, पायाखालचं रान सरकलं. लग्न? ठरलं कधी? आणि इतके दिवस हा माणूस आपल्याबरोबर घड्या घालत होता?

पलीकडून मिहोने हळूच विचारलं, "कोणाशी?"

हाच प्रश्न चंद्रिकालाही पडला होता. आदिनाथ वळला आणि फोन तिच्या हातात दिला. कान लाल झालेले, नजर जमिनीवर.

"तिला नाव पायजे. तुमीच सांगा... मला तर अजून कुणी व्हय म्हटलेलं न्हाई."

दोघी पहिल्यांदाच एकमेकींसमोर आल्या. इतके दिवस चंद्रिकाने हिच्यासाठी किती टोमणे जमवून ठेवले होते, एकही आठवेना. मिहो हसायचा प्रयत्न करत होती. तिच्या डोळ्यांत जे होतं, ते चंद्रिकाने रोज सकाळी आरशात बघितलं होतं. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण म्हणून नाव काही ती दुसऱ्या कुणाचं सांगणार नव्हती.

"माझ्याशी," ती म्हणाली.

मराठीत म्हणाली, त्यामुळे आधी ते आदिनाथला कळलं. मिहोला तिने मग इंग्रजीत सांगितलं.