सिंगापूर की हॅम्बर्ग?

उल्हासनगरच्या त्या दुकानात मी जाडजूड जॅकेट घालून उभी होते. बाहेर एप्रिलचं ऊन, अंगातून घामाच्या धारा, आणि चेन वरही जाईना, खालीही येईना. माझा श्वास कोंडायला लागला.

"मॅडम, खींचना मत, फट जाएगा!" दुकानदार ओरडला.

"हलू नका... एक मिनिट," शेजारून कुणीतरी म्हणालं.

चष्मा लावलेला एक उंच मुलगा होता. चेनीत अडकलेलं अस्तर त्याने अलगद सोडवलं. बोटं माझ्या गळ्यापाशी — नजर मात्र मुद्दाम पंख्याकडे. जॅकेट सुटलं आणि मला एकदम रडूच फुटलं.

"अहो, एवढं घट्ट होतं?" तो घाबरलाच.

"जॅकेट नाही हो... मीच घाबरलेय."

आणि एका अनोळखी माणसाला मी सगळं सांगून बसले. अंबरनाथ एमआयडीसीतल्या पंपांच्या कंपनीत मी डिझाइन करते. आमचे विनीत सर म्हणाले होते, "नेत्रा, दोन वर्षं बाहेर जायचंय. सिंगापूर की हॅम्बर्ग, महिनाअखेर सांग." बदलापूरचं घर सोडून मी कुठे एकटी एक रात्रसुद्धा राहिले नव्हते.

"मग जॅकेट घेताय म्हणजे हॅम्बर्ग ठरलं?"

"छे! घालून बघत होते... भीती कमी होते का."

"झाली?"

"अडकली."

तो खळखळून हसला. डोळे पुसता पुसता मीही.

त्याचं नाव सुयोग. अंबरनाथला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. परतताना एकच रिक्षा केली, मग रोज संध्याकाळी उल्हास नदीकाठी चक्कर सुरू झाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

भीती मात्र वाढतच होती. परक्या खोलीत तापाने फणफणलेय आणि पाणी द्यायलाही कुणी नाही, असं सारखं डोळ्यांपुढे यायचं. सिंगापूरला निदान ओळखीची दोन घरं होती, पण काम नुसतं ऑर्डरी सांभाळायचं. हॅम्बर्गला कुणीच नाही, पण नवा पंप मी स्वतः डिझाइन करणार होते.

त्यात आता ही नवी भीती... सुयोग 'जाऊ नकोस' म्हणाला तर? आणि नाहीच म्हणाला तर?

महिना संपला त्या दिवशी नदीवर छान वारा होता. 

"आज तरी सांग, सुयोग. तू असतास तर काय निवडलं असतंस?"

"नाही सांगणार."

"का?"

"कारण माझं उत्तर..." तो पाण्याकडे बघत राहिला. "तुझ्या कामाचा विचार करून दिलेलं नसेल."

 आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मी दुपारीच मेल केला. हॅम्बर्ग."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. संपलं, मी मनात म्हटलं. सगळं संपलं...

"काहीतरी बोल ना."

"मी रोज देवाला सिंगापूर मागत होतो, नेत्रा."

"जवळ म्हणून?"

"मला विमानाची भयंकर भीती वाटते. आजवर बसलोच नाहीये. सिंगापूरपर्यंत कसाबसा डोळे मिटून आलो असतो. पण हॅम्बर्ग म्हणजे..."

"तू... येणार?"

"तुला तिकडे एकटीला सोडीन होय? सुट्टीत येईन. आवडलं, तर तिकडेच शिकायचं बघेन. तू हो म्हणालीस तर..."

मी नुसताच त्याचा हात धरला.

"पासपोर्टला अर्जही टाकलाय," तो हळूच म्हणाला. "परवा पोलीस घरी चौकशीला आले. आई हादरलीच. म्हणाली, कुठे चाललास रे?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, आई... अजून तिचं ठरायचंय."