घरट्यांचे निरोप कुणाकडे?

किनाऱ्यावरच्या कासव केंद्रात दोन संगणक होते. पहिला कासवांच्या घरट्यांत, अंड्यांशेजारी वाळूत पुरलेल्या तापमापक कांड्यांकडून तापमान ऐकायचा आणि त्यावरून दुसरा घरट्यांवरचं छत ताणायचा किंवा आवरायचा. उधाणाचं पाणी खोलीत शिरलं आणि खाली ठेवलेला पहिला संगणक भिजून गपगार झाला. सतत सावली ठेवली तर वाळू गार पडते, न ठेवली तर अंडी भाजतात. ऊन तर चढत चाललं होतं.

"तात्या, कांड्यांना दुसऱ्या संगणकाचा पत्ता देऊ या ना," प्राची म्हणाली.

तात्या तांडेल म्हणजे तिचे आजोबा. केंद्रातली सगळी यंत्रं त्यांनीच बनवलेली.

"पत्ता (जाळ्यात संगणक ओळखायचा क्रमांक) कांडीच्या पोटात पक्का भरलेला असतो. बदलायचा तर कांडी उपसावी लागेल. आणि एकदा पुरलेलं घरटं आपण उकरत नाही."

"मग त्या बंद संगणकालाच हाका मारत बसणार?" प्राची रडायच्या बेतात आली होती.

"आपल्या दारावर पाट्या किती गं?"

"दोन. तांडेल आणि आईचा शिवणवर्ग."

"आणि दारं?"

"एकच."

"शिवणवर्ग शोधत आलेली बाई कधी चुकते का? नेटवर्क कार्डाचंही (संगणकाला जाळ्याशी जोडणारा भाग) तसंच असतं. कार्ड एकच, पण त्याला दोन पत्ते देता येतात. दुसऱ्या संगणकाला स्वतःचा पत्ता राहू दे, जोडीला पहिल्याचाही दे. तापमान ऐकायचा प्रोग्रॅम त्याच्यातही आहे."

प्राचीने भराभर पत्ता भरला. पडदा म्हणाला, 'हा पत्ता दुसरीकडे वापरात आहे.'

"दुसरीकडे कुठे?" तात्या बुचकळ्यात पडले.

प्राचीने जीभ चावली. भिजलेला फोन घरी तांदळात ठेवतात, म्हणून तिने संगणकही तांदळाच्या डब्यात खुपसला होता. तेही वायरी तशाच ठेवून, जीव आला तर कळावं म्हणून! त्यात अर्धवट जीव आलाही होता. काम शून्य, पण नावाला ओ देत होता.

"ओल्या यंत्राला वीज? पुन्हा असं करायचं नाही!" तात्यांनी आधी मुख्य बटण बंद केलं आणि मग वायरी उपटल्या. "जुन्या दारावरची पाटी काढल्याशिवाय तीच नव्या दारावर लावली, तर लोकांनी जायचं कुठे? एका जाळ्यात एक पत्ता एकाकडेच हवा."

प्राचीने पुन्हा पत्ता भरला. या वेळी तो बसला. कांड्यांचे आकडे धडाधड येऊ लागले आणि छत सरसरत पसरलं. तापमान हळूहळू उतरलं. फक्त कोपऱ्यातल्या घरट्याचं उतरेना.

"तात्या, ती अंडी गेली का?"

तात्यांनी आकडा निरखून पाहिला आणि ते हसले. "उन्हाची नाही ती ऊब. आतली पिल्लं वाढलीत, त्यांच्या अंगाची आहे. आधी वरची वाळू खचते, मग एक-दोन दिवसांत ती बाहेर येतात."

प्राची धावत कोपऱ्यात गेली. तिथली वाळू जराशी खचली होती.