लाल चिंधीची शेळी

बसा, जरा सरकून बसा, एक गोष्ट सांगतो. खून नाही, दरोडा नाही. हंडाभर दूध विरजेना, एवढाच गुन्हा. पण त्यापायी एका सुनेवर घर सोडायची पाळी आली होती.

विम्याच्या कचेरीत तपासाचं काम करून सुटलेली एक बाई होती. नजर अशी, की लोक तिला घारच म्हणायचे. आता ती खासगी तपास करायची. बरोबर धाकटा दीर. माणूस सोन्यासारखा, डोकं जरा सावकाश चालायचं.

एका सकाळी चीजवाली तिच्या दारात आली. एका घरच्या शेळीच्या दुधात औषध आलं, विरजण मेलं, हंडा ओतून द्यावा लागला. पुन्हा असं झालं तर त्या घरचं दूध कायमचं बंद. कुणी केलं ते शोधून द्या, म्हणाली.

तिला घेऊन दोघं त्या घरच्या गोठ्यावर गेली. तिथं दोन जुळ्या शेळ्या होत्या, काळ्या, पांढऱ्या कानांच्या. त्यातल्या एकीला ताप आलेला. डॉक्टर रोज तिच्या मानेत सुई टोचून जायचे. मी सांगेपर्यंत हिचं दूध उकिरड्यावर ओता, असं बजावलेलं. म्हणून ओळखायला तिच्या मागच्या पायात लाल चिंधी बांधली होती.

त्या घरच्या सुनेची नणंद आधी बोलली. तिनं सगळं सुनेवर ढकललं. "हातात चरवी, कानाला फोन. कुठलं दूध कशात पडलं, हिला काय पत्ता? माहेरी धाडा, चार दिवस शिकून येऊ दे."

सून चाऱ्याची पेंढी बांधत होती. एक टोक ओढलं की सुटेल अशी सुरगाठ मारत खाली बघून म्हणाली, "चिंधी मीच बांधली. चूक माझीच असणार."

सासरे खाटेवर होते. उमेदीत ट्रकवर माल बांधायचे, आता डोळे जवळजवळ गेलेले. चष्म्याची काडी दोऱ्यानं करकचून बांधलेली. म्हणाले, "शेळ्या सोडणं-बांधणं माझ्याकडं. घरात तेवढंच उरलंय आता."

घार म्हणाली, "भावजी, ती चिंधी सोडा बघू."

भावजींनी खटपट केली. नख तुटलं, गाठ हलेना. चिंधीचं एक टोक चावून चोथा झालेलं. तोवर घारीनं त्या शेळीची मान खाजवली. शेळीनं सुखानं डोळे मिटले. ते बघून भावजीही दुसरीच्या मानेला हात लावायला गेले. तिनं अंग चोरलं आणि त्यांच्या पोटात अशी ढुशी मारली, की ते चाऱ्यात बसले.

"झालं," घार म्हणाली. "भावजी, तुम्ही केस सोडवलीत."

"मी? मी तर पडलो."

सासरे शेळ्यांना पाण्यावर घेऊन गेले. ते लांब जाईपर्यंत घार गप्प राहिली. मग तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं.

"चिंधी भलतीच्याच पायात आहे. रोज सुई घेणारी शेळी मानेला हात लावू देईल का? दुखरी मान त्या ढुशीवालीची. चांगलीचं दूध उकिरड्यावर जात होतं, औषधाचं हंड्यात."

"मग बदललं कुणी?" चीजवालीनं विचारलं.

"पहिली गुन्हेगार शेळी. सुनेची सुरगाठ तिनं दातांनी ओढून सोडली, चिंधी चघळून टाकली. ती कुणाच्या तरी हाताला लागली. त्यानं भल्या मनानं परत बांधली, पण जुळ्यांतली कुठली, ते दिसलं नाही. आता ती गाठ आठवा, भावजींचं नख खाणारी. तशीच गाठ चष्म्याच्या काडीला आहे."

घार सुनेकडं वळली. "तू गाठ ओळखली होतीस. तरी आळ अंगावर घेतलास."

सुनेनं पदरानं डोळे टिपले. "त्यांच्या हातून शेळ्या काढून घेतल्या असत्या. मग दिवसभर त्या खाटेवर करायचं काय त्यांनी?"

नणंद उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा हातात जुनी पितळी घंटी होती. ती तिनं भावजयीच्या हातात दिली. "चिंधी नको. औषधाच्या शेळीला ही बांध. बाबांना ऐकू येईल."

चीजवालीनं दूध चालू ठेवलं.

आता एक मागणं. त्या वाटेनं गेलात आणि गोठ्यात घंटी वाजताना ऐकलीत, तर म्हाताऱ्याशी बसा, बोला, शेळ्यांचं कौतुक करा. फक्त चिंधीच्या जागी घंटी का आली, ते तेवढं त्याला सांगू नका.