आवाज बंद केल्यावर

कान तपासण्याचं काम मी एकोणीस वर्षं करतोय. दवाखान्यात एक आवाजबंद खोली आहे. पेशंट हेडफोन लावून आत बसतो, मी काचेबाहेर मशीनसमोर. आवाज ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. माझ्यासमोर दिवा लागतो.

त्या दिवशी सकाळी दादा आला. माझा सख्खा मोठा भाऊ. कॉलेजातली नोकरी सोडून आठ वर्षं घरी नुसता बसून होता. 'मी कोण ते बघतोय' म्हणायचा. हाका मारल्या तरी ओ देत नाही, म्हणून वहिनीने पाठवलेला. बाही उसवलेली, पायात दोन वेगळ्या चपला.

रिसेप्शनवरची मुलगी हसू दाबत म्हणाली, "सर, तुमचे कोणी आहेत का?"

"छे. पेशंट आहे."

दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ऐकलं.

त्याला आत बसवलं. बारीकातला बारीक आवाज सोडला, तरी दिवा लागला. कान ठणठणीत होते. मी आवाज बंद केला.

दिवा विझला नाही.

"दादा, बटण सोड," मी माइकवर म्हणालो. "आता काही वाजत नाहीये."

"वाजत नाहीये, हे कळतंय ना?"

"कुणाला?"

"ज्याला कळतंय, त्यालाच ऐकतोय."

बाहेर येऊन त्याने हेडफोन माझ्या हातात दिला. "दोन मिनिटं बसून बघ."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी आत बसलो. दार लावून दादा घरी निघून गेला.

आधी श्वास ऐकू आला. मग छातीची धडधड. मग माझाच आवाज: छे, पेशंट आहे. पुन्हा. पुन्हा. कानाच्या पाळ्या तापल्या. तो आवाज माझ्याआधी कोणीतरी ऐकत होतं. ते रागावलेलं नव्हतं. तेच मला सोसवेना.

मग तोही थांबला. नाव गेलं, वय गेलं, एकोणीस वर्षं गेली. ऐकणं राहिलं.

मी काचेबाहेर पाहिलं.

मशीनसमोर मी बसलो होतो. मान खाली.

रिसेप्शनवरची मुलगी दारातून त्या बाहेरच्या 'मी'ला म्हणाली, "सर, पुढचा पेशंट पाठवू?"

त्याने मान हलवली. एक बाई आत आल्या आणि माझ्या खुर्चीत बसल्या.

मला उठावं लागलं नाही.

संध्याकाळी तो दादाकडे गेला. मीही होतो. वहिनीने दार उघडलं. दादा खाटेवर बसला होता. तो दादाच्या पायाशी टेकला.

"दादा, चुकलो. त्या पोरीसमोर तुला परकं केलं."

तो खूप रडला. रडून मोकळा झाला. शरम मात्र माझ्याकडेच राहिली.

दादाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्याच्या डोक्यावरून पलीकडे, दाराजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि खाटेवर जरा सरकला.

"तू का उभा? ये, बस."