गौरव उभी राहिली तेव्हा

"ही चाकं माझ्या अंगणात येणार नायत!"

राघोच्या आवाजासरशी वत्सला कुंकवाचं ताट घेऊन उंबऱ्यातच थांबली. दसऱ्याची सकाळ होती. अंगणात राघोची गौरव उभी होती. सतरा वर्षांची, आपल्याच देशातल्या कारखान्यात घडलेली ती जाड पत्र्याची गाडी त्यानं पहाटेपासून घासून पुसून आरशासारखी केली होती आणि तिच्या बॉनेटवर झेंडूचा हार घातला होता. आणि फाटकाबाहेर, धुळीच्या रस्त्यावर, प्रणितची नवीकोरी चंदेरी जपानी गाडी! तिच्याही काचेवर हार होता. तो तिला शहापूरहून थेट म्हसा गावाजवळच्या या आपल्या घरी घेऊन आला होता, आईच्या हातचं पहिलं कुंकू लागावं म्हणून...

"आये, तू बाहेर ये," प्रणित फाटकावर हात ठेवून म्हणाला. "माझ्या गाडीला कुंकू लाव. मी लगेच जातो."

वत्सलानं एक पाऊल उचललं.

"वत्सला! उंबरा ओलांडलास तर बघ!" राघो कडाडला. "परक्यांचा डबा तो! बोटानं दाबला तर पत्रा वाकतो. उद्या काय तुटलं तर पार्ट आणायला जपानला जाशील काय रे?"

"तुटत नाय बाबा, हाच तर फरक हाय! मी रोज कल्याणला कंपनीच्या वर्कशॉपात ह्याच गाड्या खोलतो. चावी फिरवली की चालू. चढावर धापा टाकत नाय... आणि पुलावर उभी तर मुळीच राहत नाय!"

पुलावर!... तो एकच शब्द, आणि वत्सलानं उचललेलं पाऊल मागं घेतलं.

नऊ वर्षांपूर्वीची ती कापणीची दुपार या घरात अजून सलत होती. चौदा वर्षांची अंजू, प्रणितची धाकटी बहीण, भाताचा भारा उचलायला वाकली आणि भाऱ्याखालच्या घोणशीनं तिच्या पायाला डंख केला. राघो आणि वत्सला तिला गौरवमध्ये घालून कल्याणच्या दवाखान्याकडं निघाले. रायत्याच्या पुलाजवळ गाडी बंद पडली. दवाखान्यात पोचले तेव्हा अंजूचे ओठ काळेनिळे झाले होते. डॉक्टरांनी नुसतीच मान हलवली होती...

प्रणित तेव्हा शहापूरच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकत होता. बॉनेट उघडं टाकून गाडी पुलाजवळ बराच वेळ उभी होती, हे त्याला रस्त्यानं जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याकडून कळलं. राघो मात्र छातीवर हात ठेवून सांगत आला, दोन मिनिटं! फक्त दोन मिनिटं! माझी गौरव दगा देणारी नाय! तेव्हापासून एकाच्या मनात देशी गाडी म्हणजे बहिणीचा काळ झाली आणि दुसऱ्याच्या मनात परदेशी गाडी म्हणजे मुलाच्या तोंडची शिवी.

"आये, आज तू बोल," प्रणितचा आवाज फुटत होता. "अंजूचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. गाडी किती वेळ उभी होती? तुझ्या सुनेला, दिपिकाला, पाचवा महिना लागलाय. माझं लेकरू ह्या घरात आणायचं का नाय, ते मला आज ठरवायचंय. तू खरं सांग... नायतर मी ह्या रस्त्याला परत येणार नाय!"

खरं! खरं तर तिच्या रक्तात रुतून बसलं होतं. पंचवीस मिनिटं... त्या पंचवीस मिनिटांतला अंजूचा प्रत्येक श्वास तिनं मोजला होता! तिनं नवऱ्याकडं पाहिलं. राघोचा हात बॉनेटवर होता. त्याच्या संतापी डोळ्यांमागं अशी एक याचना होती की वत्सलाचं काळीज पिळवटून निघालं. खरं बोललं तर हा माणूस आज इथंच मोडून पडेल... न बोललं तर पोटचा गोळा कायमचा दुरावेल! एक लेकरू गेलं, आता दुसरंही जाऊ द्यायचं?

तिनं ताट खाली ठेवलं.

"गाडी दोनच मिनिटं उभी होती," ती म्हणाली. "उशीर मी केला, प्रणित."

"तू?"

"साप चावल्यावर मी पोरीला आधी वाडीवर नेली... चांगो भगताकडं. त्यानं पाला वाटून दिला, मंतर टाकला. तासभर गेला त्याच्यात. मग तुझे बाबा आले."

"आणि बाबा इतकी वर्षं बोलले नायत?"

"मला वाचवायला... माझ्यासाठी तुझ्या शिव्या खाल्ल्या त्यांनी."

चांगो भगत मागच्याच वर्षी वारला होता. आता कुणी विचारायला जाणार नव्हतं.  राघो गौरवच्या बंपरवर मटकन बसला.

प्रणितनं फाटक ढकललं. तो आत आला, वत्सलाच्या अंगावरून जणू ती तिथं नाहीच असा पुढं गेला आणि बापाच्या गळ्यात पडला. "बाबा! नऊ वर्षं मी तुमाला काय काय बोललो... आणि तुमी गप राहिलात!"

मग तो आईकडं वळला. त्या नजरेत इतका तिरस्कार होता की वत्सलाला वाटलं, धरणी दुभंगावी!

"आणि तू... आमच्या भांडणात नुसती रडत बसायचीस! पाला चारलास तिला? तुझ्यापरीस ती घोणस बरी!"

चंदेरी गाडीला कुंकू लागलंच नाही. ती धुरळा उडवत निघून गेली.

त्या दुपारी राघोनं ताटातल्या पुरीला हात लावला नाही. "तू असं का केलंस गो?" एवढंच त्यानं विचारलं.

"जेवा," वत्सला म्हणाली.

मग ज्या घरात वर्षानुवर्षं वैर धुमसत होतं तिथं विपरीतच घडू लागलं! बाप-लेक बोलू लागले. प्रणित रविवारी येई, अंगणात बापाशेजारी बसे, चहा मात्र घराबाहेरच्या टपरीवरून मागवी. आईच्या हातचं पाणीसुद्धा त्याला नको होतं. वत्सला आतून भिंतीला पाठ लावून त्या दोघांचं बोलणं ऐके. इतक्या वर्षांनी या घरात मुलाचं हसू ऐकू येत होतं... तेवढ्या हसण्यावर ती दिवस काढी. आणि ते हसू आपल्याला पाहताच विझतं हे ठाऊक असल्यामुळं ती ओट्यावर येईनाशी झाली.

एका रविवारी गौरव पुन्हा धापा टाकू लागली होती. प्रणितनं बॉनेट उघडलं, टाकीतलं पेट्रोल इंजिनात चढवणारा जुना पंप काढला आणि पिशवीतून नवा काढून दाखवला. "बाबा, हा जपानी हाय, पण ह्याला नीट बसतो. बघा, अर्ध्या तासात होतं. मग उन्हाळ्यातसुद्धा गाडी गरम होऊन बंद पडायची नाय."

खिडकीतून वत्सलाला राघोचा चेहरा दिसला. तो पांढराफटक पडला होता! एवढं घाबरण्यासारखं त्या लहानशा लोखंडी तुकड्यात काय होतं, हे तिला उमगलं नाही. "नको बसवू," तो पुटपुटला. मग स्वतःच म्हणाला, "बसव... बसव बाबा." आणि विहिरीकडं निघून गेला.

पौषात शहापूरला दिपिकाचं डोहाळजेवण झालं. बोलावणं एकट्या राघोला आलं. वत्सलानं रात्रभर जागून सुनेसाठी हिरव्या खणाची चोळी शिवली होती. ती तिनं त्याच्या पिशवीत घातली. संध्याकाळी चोळी तशीच परत आली. राघो तिच्याकडं न बघता म्हणाला, "प्रणितनं घेतली नाय." आणि मग आवाज चढवून, उगाच, "मी काय करू? तूच बोललीस ना तसं? मी सांगितलेलं तुला?"

वत्सलानं चोळीची घडी घातली. त्या क्षणी पहिल्यांदा तिच्या मनात नवऱ्याविषयी काहीतरी कडवट, काळंकुट्ट उसळलं. एक शब्द! एका शब्दानं हा माणूस मला मोकळं करू शकतो... पण त्याला आपला मुलगाही हवा आणि आपली गाडीही निष्कलंक हवी!

फाल्गुनात दिपिकाला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी दिपिकाचा स्वतःचा फोन आला. "बाबा, आईंना घेऊन या. ह्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. माझ्या लेकीची आजी आहेत त्या."

सरळगाव, किन्हवली मागं टाकत गौरव शहापूरला पोचली. वाटेत दोघं एक अक्षर बोलले नाहीत. घरात बायकांची गर्दी होती, पाळण्याला फुलं लावली होती. दिपिकानं पुढं होऊन वत्सलाचे पाय धरले आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. इवल्याशा मुठीनं तिचं बोट धरलं... आणि साऱ्या देहातून एक कळ उमटून गेली. दूध नसलेल्या त्या म्हाताऱ्या उराला पान्हा फुटल्याचा भास झाला!

"कुणी दिली हिच्याकडं?"

प्रणित दारात उभा होता. तो बायकांच्या मधून वाट काढत आला आणि त्यानं वत्सलाच्या हातातून बाळ उचललं. बाळ किंचाळून रडू लागलं.

"ह्या हातांनी एक पोर घालवली! आता माझी नको!"

 वत्सला रडली नाही. तिचे दोन्ही हात मात्र तसेच, बाळ धरल्यासारखे, हवेत राहिले. ते रिकामे हात राघोनं पाहिले...

"प्रणित!" तो ओरडला. "गाडी उभी होती! पंचवीस मिनिटं उभी होती!"

"बाबा?"

"तुझी आय कुठल्या भगताकडं गेली नाय. निरोप मिळाल्यावर मी दहा मिनिटांत आलो. तवा ही अंजूला पाठुंगळी घेऊन, अनवाणी, रस्त्यावर धावत होती! खोटं बोलली ती... माझ्यासाठी." राघोनं भिंतीचा आधार घेतला. "अजून ऐक. तिला बी हे ठाव नाय. गौरवचा पंप गरम व्हायचा, पेट्रोल वर चढायचं नाय. मी त्याच्यावर ओलं फडकं टाकून गाडी चालवायचो. आठ दिवस आधी मुरबाडला लडकू मिस्त्री जपानी पंप हातात घेऊन उभा होता. म्हणाला, राघोशेठ, आत्ता बसवतो. मी त्याला झिडकारला! माझ्या गौरवच्या पोटात परक्याचं काय घालायचं नाय म्हटलं. कंपनीचा पंप मुंबईहून येऊ दे, तोपर्यंत फडकं पुरेल... पुलावर फडकं वाळलं होतं रे! मी नदीतनं पाणी आणत होतो, आणि पोर..."

त्यानं एकदा वत्सलाकडं पाहिलं. "गाडी चांगली हाय, चांगली हाय, असं मी जगाला ओरडून सांगत राहिलो. नायतर मला म्हणावं लागलं असतं, का मी वाईट हाय!"

तो बाहेर गेला आणि ओट्याच्या पायरीवर बसला.

प्रणित आईपुढं गुडघ्यांवर कोसळला. "आये!... काय काय बोललो ग मी तुला!" त्यानं बाळ तिच्या हातांत दिलं आणि आपलं डोकं तिच्या पायांवर घासू लागला. वत्सलानं त्याच्या केसांतून हात फिरवला. पण तिची नजर दाराकडं होती. एवढा काळ ती समजत होती की तिनं एका दुर्दैवी माणसाला पाठीशी घातलं. आणि तो माणूस... त्याला माहीत होतं! त्या पंचवीस मिनिटांत तो नदीवर धावत होता तेव्हाही माहीत होतं! मायेनं गिळलेलं सारं विष आता तिच्या घशाशी आलं.

"त्यांना आत बोलवू का?" प्रणितनं दात आवळून विचारलं. "का जाऊ दे त्यांना त्यांच्या गाडीतनं?"

"तू नको बोलवू," ती म्हणाली. "ते माझं मी बघीन. आधी नाव ठेवू."

कानात नाव सांगायला आत्या पुढं व्हायला हवी होती. बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. आत्या म्हणजे अंजू, हे प्रणितला एकदम कळलं आणि त्यानं तोंड फिरवलं. दिपिका हळूच म्हणाली, "आई, तुमीच बसा त्या जागेवर. आमी अंजू नाव ठेवायचं म्हणतो."

वत्सला बाळाला पाळण्यात ठेवून वाकली. 

"अंजू नको," ती म्हणाली. "तिचं नाव तिचं तिला राहू दे. ह्या पोरीवर कुणाचं ओझं नको." मग तिनं बाळाच्या कानाशी कुर्रर्र केलं आणि हलकेच म्हटलं, "कमळ."

बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. वत्सलानं बाळ उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि ती ओट्यावर आली. राघो पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तिची चाहूल लागताच त्यानं वर पाहिलं. त्याला काही मागायचं धैर्य नव्हतं.

"मी माफ केलं नाय तुमाला," वत्सला म्हणाली. "करीन का नाय, ते बी ठाव नाय." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "पण नात हाय तुमची... धरा."

राघोनं हात पुढं केले. ते इतके कापत होते की तिनं बाळ सोडलं नाही. ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली आणि त्याच्या हातांखाली आपले हात तसेच ठेवून बसून राहिली.