डाव्या सीटचा बेल्ट

गाडीला भूत लागलंय असं सांगत कुणी आलं की मी आधी बॉनेट उघडून उंदीर शोधतो. बीडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, आणि आजवर मला भेटलेली बहुतेक भुतं कुरतडलेल्या वायरीत निघाली. उरलेली सीट धुताना आत मुरलेल्या पाण्यात. काच आपोआप खाली येते, हॉर्न वाजत सुटतो, उभ्या गाडीचे दिवे लागतात. लोक लिंबू-मिरची बांधतात, मी टेप गुंडाळतो. तुम्ही हसताय, पण त्या दिवशी मीही असाच हसत निघालो होतो.

माझा मावसभाऊ हनुमान याचा फोन आला होता. बद्रीनाथकाकांची गाडी विकायला काढली होती, दुसऱ्या दिवशी गेवराईचं गिऱ्हाईक येणार होतं, आणि गाडी नीट वागत नव्हती. काय होतंय ते मात्र त्याला फोनवर सांगता येईना.

बद्रीनाथकाका म्हणजे माझ्या वच्छलामावशीचे यजमान. पंचायत समितीच्या राजकारणात अर्धं आयुष्य गेलेलं, पोट सुटलेलं, आवाज असा की शेजारच्या शिवारातल्या बैलांनी कान टवकारावेत. ही गाडी त्यांनी फार हौसेनं घेतली होती आणि तिच्यातल्या सगळ्या सोयी शिकवायला मला दोन दिवस घरी ठेवून घेतलं होतं. सीट लक्षात ठेवते म्हणजे काय, हे मी त्यांना खूपदा सांगितलं. सीटच्या खाली मोटारी असतात, त्या किती फिरल्या ते एक छोटा कॉम्प्युटर मोजून ठेवतो, आणि बटण दाबलं की सीट पुन्हा त्याच जागी आणतो. काका म्हणाले, म्हणजे ही आमच्या बायकोवानी हाय, न सांगता वळखती. मावशी स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं नुसतं भांडं आपटलं.

शिकून शिकून काका तीनच गोष्टी शिकले. सीट पार मागं ढकलून आडवी करायची, आपल्या बाजूचा एसी कडक गार ठेवायचा, आणि तंबाखू थुंकायला काच चार बोटं खाली घ्यायची. बेल्ट त्यांनी कधी लावला नाही. पोटाला काचतो म्हणायचे. गाडी टिंग टिंग करून आठवण द्यायची आणि काका तिच्यावर खेकसायचे. फार गोड माणूस होता. माझा बाप लवकर गेला, त्यामुळं मला तर हा माणूस जास्तच गोड होता.

ते दिवाळीनंतर गेले, त्याच गाडीत. हनुमान त्यांना घेऊन संभाजीनगरहून येत होता. गेवराई मागं पडल्यावर काका बोलायचे थांबले. झोप लागली असेल म्हणून पोरानं गाणी बंद केली, पंखा बारीक केला, आणि बीड येईपर्यंत तो खड्डे चुकवत गाडी चालवत राहिला, बापाची झोप मोडू नये म्हणून.

मग दवाखाना, पोस्टमॉर्टेम. चिरफाड झालेला देह आमच्याकडे घरात नेत नाहीत. काकांना तिकडूनच थेट शेतातल्या सरणावर ठेवलं. आणि काकांचे थोरले भाऊ तात्याबा यांनी सांगितलं, ज्या गाडीत माणूस गेला ती वर्ष होईपर्यंत दारात आणायची नाही. तेव्हापासून गाडी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. चैत्राचं ऊन, पत्रा तापून तडतडत होता. कडब्याचा आणि शेणाचा वास. हनुमान विहिरीच्या कठड्यावर बसला होता, त्यानं तिथूनच किल्ली माझ्याकडं फेकली. जवळ ये म्हटलं तर म्हणाला, तूच बघ दादा.

मी दार उघडलं. इतके महिने बंद असलेल्या गाडीतून तापलेल्या रेक्झिनचा वास यायला हवा होता. आतून गार हवा आली, आणि चुना मळलेल्या तंबाखूचा वास. मी क्षणभर तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, मला भीती नाही वाटली, गहिवरून आलं.

बसलो आणि स्टार्टचं बटण दाबलं. डावी सीट घूं आवाज करत मागं सरकली, मग आडवी झाली. थांबली. लगेच टिंग, टिंग, टिंग. समोर लाल दिवा. डाव्या सीटवर माणूस आहे, बेल्ट लावलेला नाही.

यात नवल काही नव्हतं. त्या सीटखाली एक पातळ चटई असते, ती वजन ओळखते. वजन आहे आणि बेल्ट नाही, की गाडी ओरडते. चटई खराब झाली की रिकाम्या सीटलाही माणूस समजते. मी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, चटई ठीक आहे, सगळंच ठीक आहे. मग मी वाकून सीटखालचा कनेक्टर उपसून काढला. आता त्या सीटवर हत्ती बसला तरी गाडीला कळायला नको.

टिंग, टिंग, टिंग.

वाकलेल्या अवस्थेत माझा हात सीटला लागला. गादी खाली दबलेली होती. तेवढ्यात डावीकडची काच चार बोटं खाली आली, थोडी थांबली, आणि वर गेली.

मी बाहेर आलो आणि विहिरीवर जाऊन घटाघटा पाणी प्यालो. हनुमानची बायको सुरेखा या गाडीत बसत नव्हती, गिऱ्हाईकासाठी चालवून बघताना त्यालाही दोनदा गाडी रस्त्यात सोडून चालत यावं लागलं होतं, हे सगळं त्यानं मग खालच्या आवाजात सांगितलं. गिऱ्हाईकाला काय सांगायचं, एवढीच त्याला काळजी होती. मी म्हटलं, सगळ्या वायरी तोडतो, बॅटरी बदलतो, काहीतरी करतो. माझा धंदाच तो आहे.

वच्छलामावशी बांधावरून येताना दिसली तेव्हा मी पक्कड हातात घेतली होती. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कडब्यावर ठेवली. गाडीच्या डाव्या दाराशी गेली. पदर सावरला. चारचौघांत नवऱ्यापुढं उभं राहताना ती सावरायची तसाच.

"तोडू नको, सोमा," ती म्हणाली. "ते बसल्यात आत."

"मावशी, ते सेन्सरचं..."

"मला ठावं हाय ते. गाडी खुशाल विका. मी कावून आडवू? पण आदी त्यास्नी घरी उतरवा. दारात टेकवलं सुदिक न्हाई कुनी. उद्या गाडी गेली तर ते लोकाच्या दारात जाऊन बसतील रे..."

तिचा आवाज तिथं फुटला. काका गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. हनुमान मान खाली घालून कठड्याचा चुना नखानं खरवडत होता. तात्याबांचं काय, असं मी विचारलं तर ती म्हणाली, भावजींना मी बघून घेते, तू गाडी आण. संध्याकाळचा दिवा लागायच्या वेळेला आण.

टिंग टिंग चालूच होतं. मावशीनं दार उघडलं, बेल्ट ओढला आणि रिकाम्या सीटवरून पलीकडं नेऊन कट्ट करून अडकवला. आवाज थांबला. तिनं पदराच्या टोकानं सीटचं डोकं पुसलं, कपाळाचा घाम पुसावा तसं. मग ती हनुमानच्या मागं मोटारसायकलवर बसून पुढं गेली. बाईमाणूस दारात पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

मी एकटा राहिलो. म्हणजे मला तसं वाटलं.

तुम्ही कधी रिकाम्या सीटचा बेल्ट लावून बघा. तो पाठीला चिकटून सपाट पडतो. आमच्याकडं सगळे ड्रायव्हर तसाच लावतात, गाडीचं तोंड बंद करायला. हा बेल्ट सपाट पडला नव्हता. पाठीपासून वीतभर पुढं, गोल, एखाद्या मोठ्या पोटावरून गेल्यासारखा ताणून उभा होता. आणि मधे काही नव्हतं. मी बघत राहिलो. बेल्ट सावकाश पुढं आला, सावकाश मागं गेला. पुन्हा पुढं...

मी गाडी सुरू केली. काय करणार होतो? मावशी दारात उभी असेल, हेच डोक्यात होतं.

आखाड्यावरून गावात जाणारा रस्ता कच्चा आहे, दोन्ही बाजूंनी बाभळी. सूर्य बुडाला होता, उजेड मातकट झाला होता. गाडीनं वेग घेतला तशी दारं आपोआप लॉक झाली. तो खाडकन आवाज मी रोज पन्नासदा ऐकतो, त्या दिवशी मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. डाव्या बाजूच्या थंडीचा आकडा उतरत गेला, उतरत गेला. माझा डावा हात गारठला आणि उजव्या काखेत घाम. मधेच काच चार बोटं खाली आली. बाहेरची गरम हवा आत शिरली, धुळीचा वास आला, काच वर गेली. मी नकळत म्हणालो, काका, थुंकताना वाऱ्याकडं बघा. कितीदा तरी मी हे त्यांना म्हटलं असेल. माझ्याच शब्दांनी मला रडू आलं आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. दोन्ही एकदम येतं हे मला तेव्हा कळलं.

आणि मी खड्डे चुकवत होतो. हनुमानसारखाच.

घरासमोर दिवा लागला होता. तात्याबा ओसरीवर पाठ करून बसले होते, म्हणजे मावशीनं त्यांना बघून घेतलं होतं. हनुमाननं फाटक धरलं. गाडी अंगणात घेतली, थांबवली, आणि लॉक सुटल्याचा आवाज झाला.

मावशी पुढं आली. हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. दूरच्या गावाहून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तिनं तो तुकडा त्या सीटवरून ओवाळला आणि अंधारात फेकला. गाडीच्या दाराशी पाणी ओतलं. मग हळूच म्हणाली,

"या. घर आलं."

बेल्टची कडी मी सोडली नव्हती. ती सुटली. बेल्ट सळसळत मागं गेला. सीट एकदा घूं करून सरकली, आणि दबलेली गादी हळूहळू वर आली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. गाडी जराशी वर उचलली गेली, जड माणूस उतरल्यावर उचलते तेवढी.

दाराशी ओतलेलं पाणी मातीत मुरत होतं. मावशी वळली आणि घराकडं चालू लागली, एक पाऊल मागं राहून, डोक्यावरचा पदर धरून. तिच्यापुढं कुणी नव्हतं. उंबऱ्याशी ती जरा थांबली, पुढच्याला आत जाऊ दिलं, मग स्वतः गेली. हनुमान फाटक धरूनच रडत होता.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. डाव्या बाजूची थंडी ओसरली होती, तंबाखूचा वास गेला होता. साधी गाडी झाली होती, कुणालाही विकावी अशी. रात्रभर गाडी अंगणात ठेवायची नाही, हे तात्याबांचं एवढं तरी ऐकायला हवं होतं, म्हणून मी ती परत आखाड्यावर न्यायला निघालो. बटण दाबलं.

टिंग, टिंग, टिंग.

मी डाव्या सीटकडं पाहिलं. दिवा तिथला नव्हता. समोरच्या पडद्यावर मागच्या सीटांच्या खुणा असतात. तिथं एक लाल झाली. मग शेजारची. मग तिसरी.

माझ्या तोंडून मावशी अशी हाक कशीबशी निघाली. ती दारात आली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी समाधान होतं. मी नुसतं पडद्याकडं बोट केलं. तिनं काचेतून मागं पाहिलं, आणि तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

"एकले कवा आले का ते?" ती म्हणाली. "रस्त्यात कुनी उभं दिसलं की बसवून घ्यायचे. त्या रोडला लई मानसं गेलीत, सोमा. त्यास्नीबी कुनी दारात न्हेलं नसंल..."

"मावशी, मी... कुठं नेऊ?"

"सांगतील. सावकास जा."

आणि ती आत गेली. आतून ताट वाढल्याचा आवाज आला.

मी आरशात पाहिलं नाही. मान वळवली नाही. फाटकाबाहेर गाडी काढली तेव्हा मागं बेल्ट ओढल्याचा आवाज झाला आणि कट्ट. मग दुसरा, कट्ट. दोन खुणा विझल्या. तिसरा बेल्ट लागेना. कडी खाचेवर आपटत होती, निसटत होती, पुन्हा आपटत होती. ओढणारे हात फार लहान असावेत.

मी बाभळीखाली गाडी थांबवली. मागं न बघता हात मागं नेला, आणि कुणीतरी बेल्टची कडी माझ्या तळहातावर ठेवली.