बिनड्रायव्हरच्या गाडीवाला

समोरून लाल गाडी आली अन् माझ्या पिकअपपुढं उभीच राहिली. वारूळवाडीची बोळ ती, एका वेळी एकच गाडी जाणार. माझ्याकडं टोमॅटोचे क्रेट भरलेले, नारायणगावच्या मार्केटची घाई. हॉर्न दिला. गाडी ढिम्म!

मी उतरले. "ओ पावणं, मागं घ्या की!"

आत चष्मा, घाम आणि कडक इस्त्रीचा शर्ट. "मागं... येत नाही मला. पुढं येते."

कप्पाळ! त्याला पलीकडं सरकवलं, गाडी मागं घेतली आणि फाट्याला लावून दिली.

"काम काय करता राव?"

"चिंचवडला, कंपनीत. गाडी आपोआप चालायला हवी – ड्रायव्हरशिवाय – तिचं कॉम्प्युटरवर काम करतो."

"आन् सोताला चालवता येत न्हाई?"

"भीती वाटते हो. म्हणून तर तिनंच चालावं, असं वाटतं." आणि तो खळखळून हसला. स्वतःवर इतकं मोकळं हसणारा पुरुष मी पाहिला नव्हता. आवडला मला. खोटं कशाला बोलू?

दुपारी मला बघायला पाहुणे यायचे होते. आईनं पिकअप गोठ्यामागं लावायला लावला. "गाडीचं नाव काढू नको, इंद्रायणी." वडील गेल्यापासून माल मीच न्यायची. लग्न झालं की स्टिअरिंग सुटणार, एवढंच मला खुपत होतं.

चहा घेऊन गेले, तर समोर तोच! नाव आदेश. मला बघून कानापर्यंत लाल झाला.

त्याच्या आई, झुंबरबाई, माझ्या आईला म्हणाल्या, "पोरगी गाडी-बिडी न्हाई ना चालवत? आमच्यात चालत न्हाई. आन् गरज तरी काय? माझा लेक बिनड्रायव्हरची गाडी काढतोय."

"छे! सायकलसुदीक येत न्हाई तिला," आई म्हणाली.

मी आदेशकडं पाहिलं. तो गप्प बसला असता, तर लग्न जमलं असतं आणि माझी गाडी कायमची गेली असती. तो चष्मा पुसत राहिला... आता हा काही बोलत नाही, असं मी धरून चालले.

"आई, येते त्यांना," तो म्हणाला. "सकाळी माझी गाडी त्यांनीच मागं घेतली. मला जमलं नाही."

माझ्या आईनं पदर तोंडाला लावला.

"आरं, पण तुझी ती गाडी आल्यावर –"

"तिला यायला अजून खूप वर्षं आहेत, आई. आणि आली तरी... कुठं जायचं, ते यांनीच सांगायचं ना?"

झुंबरबाई ताडकन उठल्या. "चल! आमाला पसंत न्हाई."

आमच्याकडं पोरीला सगळ्यात शेवटी विचारतात, तेही आठवलं तर. मी ट्रे खाली ठेवला.

"मला पसंत हाय," मी म्हणाले.

झुंबरबाई दारात पोचल्या होत्या. आदेश जागचा हलला नाही.

"मलाही," तो म्हणाला.